काळीज आणि काळजी
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मराठी माणूस आपल्या जिव्हाळ्याच्या साऱ्या गोष्टी काळजाच्या नावे मांडतो. भीतीने त्याच्या काळजाचे पाणी होते, दुःखाने काळजाला घरे पडतात आणि लेकरू म्हणजे त्याच्या काळजाचा तुकडा असतो. असे बोलताना मनात हृदय असते. परंतु खाटकाच्या दुकानात काळीज मागितले तर हाती पडते ते यकृत. अमरकोशातही यकृताला ‘कालखंड’, म्हणजे काळसर रंगाचा खंड, असा पर्याय दिलेला आहे. ‘काळीज’ आणि ‘काळजी’ हे दोन शब्द कानाला एकाच घरचे वाटतात. आजच्या विषयात तर ते खरोखरच एकत्र येतात. कारण दीर्घकाळ चालणाऱ्या यकृतरोगात औषधाइतकेच, किंबहुना पुष्कळदा औषधाहून अधिक, महत्त्व काळजीला आहे. ही काळजी म्हणजे नुसती हळहळ नव्हे. ठरलेले काम ठरलेल्या वेळी करण्याची शिस्त, असा तिचा अर्थ या व्याख्यानात अभिप्रेत आहे.

आपल्या पूर्वजांना हा रोग अपरिचित नव्हता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात उदररोगांवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात आठ प्रकारचे उदर सांगितले असून यकृताच्या वाढीचा विचार प्लीहेबरोबर केला आहे आणि पोटात पाणी साठण्याच्या अवस्थेचे, म्हणजे जलोदराचे, सविस्तर वर्णन आहे. सुश्रुताने पोटातील पाणी शस्त्राने छिद्र पाडून नळीवाटे काढण्याची कृती दिली आहे. तेथे एक बारीक सूचना आहे : सर्व पाणी एकाच दिवशी काढू नये, थोडे थोडे काढावे आणि पोट बांधून ठेवावे. पाणी एकदम काढले तर रोगी दगावतो, हे त्या वैद्यांनी रोग्याजवळ बसून पाहिले असले पाहिजे. आज पाच लिटरांहून अधिक पाणी एका वेळी काढावयाचे झाल्यास शिरेतून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन दिले जाते. ते न दिल्यास रक्ताभिसरण कोलमडून मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो. दोन्ही काळांतील तपशील वेगळे असले, तरी जे करावयाचे ते बेताने आणि क्रमाने करावे, हा त्यांतील विवेक एकच आहे.

मध्यंतरीच्या काळात या रोगाकडे पाहण्याची आपली दृष्टी मात्र पुष्कळशी नैतिक बनली, आणि त्यात मराठी रंगभूमीचाही वाटा आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर महिन्याभरातच, १९१९ सालच्या फेब्रुवारीत, याच बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणले. सुधाकराचे यकृत हा त्या नाटकाचा विषय नव्हता. त्याच्या संसाराची राखरांगोळी हा विषय होता. तरीही पिढ्यान् पिढ्यांच्या मनावर एक समीकरण ठसले. यकृत बिघडले म्हणजे माणूस पिणारा असला पाहिजे, आणि पिणारा असेल तर त्याच्या वाट्याला आले ते त्याच्या कर्माचे फळ, असे ते समीकरण होय. याच नाटकात तळीरामाच्या आजारपणात डॉक्टर आणि वैद्य यांचा वाद रंगतो आणि रोगी बाजूला राहतो. प्रेक्षक त्या प्रवेशाला हसत आले. परंतु उपचार करणारे अनेक आणि काळजी वाहणारा कोणीच नाही, ही त्या विनोदामागची अवस्था आजही अनेक घरांत ओळखीची आहे.

वर सांगितलेल्या समीकरणातील पहिला भाग वस्तुस्थितीला धरून नाही. मद्य हे यकृतरोगाचे एक मोठे कारण आहे, यात शंका नाही. परंतु ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू जन्माच्या वेळी आईकडून बाळाकडे जातो आणि ते बाळ चाळिशीत पोचेपर्यंत त्याच्या यकृतात गुपचूप राहू शकतो. ‘क’ प्रकारचा विषाणू न तपासलेल्या रक्तातून आणि न उकळलेल्या सुईतून पसरला. ज्यांनी आयुष्यात कधी प्याला उचलला नाही, अशा माणसांतही तो सापडतो. तिसरे कारण आजच्या मध्यमवर्गाच्या अगदी जवळचे आहे. मधुमेह, वाढलेला कमरेचा घेर आणि बैठे जीवन यांमुळे यकृतात चरबी साठते, आणि काही जणांत त्या चरबीतून पुढे सूज आणि व्रण निर्माण होतात. या रोगाचे गांभीर्य ओळखून भारत सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. शिवाय जो खरोखरच मद्यामुळे आजारी पडला, त्यालाही चांगल्या उपचाराचा तेवढाच अधिकार आहे. वैद्याने न्यायाधीशाची खुर्ची घेतली की रोग्याची खाट रिकामी होण्यास फार वेळ लागत नाही.

कारण कोणतेही असो, पुढचा मार्ग पुष्कळसा एकच असतो. यकृत सोशिक आहे. त्याचा मोठा भाग निकामी झाला तरी उरलेला भाग काम ओढत राहतो आणि माणसाला काही जाणवत नाही. वर्षानुवर्षांच्या सुजेमुळे मऊ पेशींच्या जागी व्रणाचे कठीण धागे विणले जातात आणि यकृत गाठाळ बनते. लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१९ साली या अवस्थेला तिच्या पिवळट तपकिरी रंगावरून ‘सिऱ्होसिस’ हे नाव दिले. कठीण झालेल्या यकृतातून रक्त सहज वाहू शकत नाही, त्यामुळे मागच्या शिरांत दाब वाढतो. त्यातून चार संकटे उद्भवतात : पोटात पाणी होणे, अन्ननलिकेतील फुगलेली शीर फुटून रक्ताची उलटी होणे, शरीरातील विषारी द्रव्ये मेंदूपर्यंत पोचून भ्रम होणे आणि जंतुसंसर्ग होणे. या चारांपैकी एखादे उभे ठाकेपर्यंत पुष्कळांना आपण आजारी आहोत हेच ठाऊक नसते. म्हणून मधुमेही, स्थूल, पूर्वी रक्त घेतलेले, दीर्घकाळ मद्य घेणारे आणि ज्यांच्या घरात ‘ब’ काविळीचा रुग्ण आहे, अशा सर्वांनी लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी, हे काळजीचे पहिले सूत्र होय.

औषधांच्या बाजूने पाहिले तर गेल्या साठ वर्षांचा इतिहास अभिमानास्पद आहे. बरूक ब्लुमबर्ग यांच्या १९६५ मधील शोधातून ‘ब’ विषाणूची ओळख पटली. त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८१ साली त्या रोगावर लस आली. ती परदेशी लस सामान्य भारतीयाला परवडणारी नव्हती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने जनुकीय तंत्राने बनविलेली स्वदेशी लस अल्प किमतीत बाजारात आणली, आणि २०११ पासून ती देशभरातील बालकांच्या नियमित लसीकरणात आली. तिचा पहिला डोस जन्मानंतर चोवीस तासांच्या आत द्यावयाचा असतो, कारण आईकडून येणाऱ्या विषाणूला अडविण्याची खरी वेळ तीच होय. ‘क’ विषाणूचा शोध १९८९ साली जाहीर झाला. त्या कामाबद्दल हार्वे आल्टर, मायकेल हाउटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल मिळाले. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुविर हे औषध मान्य झाले. त्याच्या बारा आठवड्यांच्या उपचाराची तेथील किंमत ८४ हजार डॉलर होती. २०१५ पासून भारतीय कंपन्यांनी तेच औषध त्या किमतीच्या अगदी लहानशा अंशात उपलब्ध करून दिले. जो रोग जन्माचा सोबती मानला जात होता, तो तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होऊ लागला.

मग प्रश्न उरतो तो असा, की औषधे असताना माणसे का दगावतात? या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न ब्रिटनमध्ये झाला. मद्यजन्य यकृतरोगाने रुग्णालयात मृत्यू पावलेल्यांच्या कागदपत्रांची तेथील तज्ज्ञांनी एकेक करून छाननी केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालाचा निष्कर्ष असा, की अशा रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जणांनाच चांगली सेवा मिळाली होती. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतील जलोदराच्या रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथेही शिफारस केलेली सर्व सेवा मिळालेले रुग्ण सुमारे एक तृतीयांशच निघाले. या दोन्ही संपन्न देशांत ना औषधांची वाण होती, ना तज्ज्ञांची. उणीव होती ती क्रमाची. जे करावयाचे ते सर्वांना ठाऊक होते; पण ते नेमके कोणी आणि केव्हा करावयाचे, हे ठरलेले नव्हते.

उदाहरणार्थ, जलोदराचा रुग्ण दाखल होताच पोटातील थोडेसे पाणी सुईने काढून तपासावे लागते. त्या पाण्यातील जंतुसंसर्गात पुष्कळदा तापही नसतो आणि पोटही दुखत नाही; रुग्ण केवळ थोडा सुस्त दिसतो. तपासणीत ठराविक प्रकारच्या पांढऱ्या पेशी एका घन मिलिमीटरमध्ये २५० हून अधिक आढळल्या की प्रतिजैविक ताबडतोब सुरू करावे लागते. काम काही मिनिटांचे आहे. परंतु ते उद्यावर गेले तर तो उद्या रुग्णाला दिसेलच असे नाही. ब्रिटनमधील यकृततज्ज्ञांनी यावर काढलेला तोडगा अगदी साधा होता. त्यांनी पहिल्या चोवीस तासांत करावयाच्या कामांची एक यादी छापली : पाण्याची तपासणी, संसर्गाचा शोध, मूत्रपिंडांकडे लक्ष, रक्तस्राव असल्यास औषध आणि दुर्बिणीतून उपचार, मद्याची सवय असल्यास ‘ब१’ जीवनसत्त्व, भ्रम असल्यास लॅक्ट्युलोज. केलेल्या कामापुढे खूण करावयाची. मध्यरात्री कामावर असलेल्या नवख्या डॉक्टरलाही या कागदामुळे अनुभवी गुरूचा हात हाती धरल्यासारखा होतो. वाण्याच्या सामानाची यादी लिहून नेणाऱ्या गृहिणीला हे तत्त्व फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

दुसरी अडचण अंतराची. तज्ज्ञ मोठ्या शहरात आणि रुग्ण खेड्यात, ही स्थिती सर्वत्र आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा या भारतीय वंशाच्या यकृततज्ज्ञाकडे ‘क’ काविळीच्या रुग्णांना महिनोन् महिने ताटकळावे लागत असे. त्यांनी २००३ साली निराळा मार्ग काढला. रुग्णांना शहरात बोलाविण्याऐवजी गावोगावच्या सामान्य डॉक्टरांना ते दर आठवड्याला दूरचित्राद्वारे एकत्र आणू लागले. प्रत्येक जण आपल्या रुग्णाची हकीकत मांडी आणि सर्व मिळून उपचार ठरवीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत विद्यापीठाच्या रुग्णालयात ५७.५ टक्के, तर गावांतील आणि तुरुंगांतील केंद्रांत ५८.२ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाल्याचे दिसले. ज्ञान प्रवासाला निघाले की रुग्णाचा प्रवास वाचतो, हे त्यातून सिद्ध झाले. पंजाब राज्याने जून २०१६ मध्ये ‘क’ काविळीचा उपचार मोफत सुरू केला, तेव्हा चंदिगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेच्या मार्गदर्शनाने हीच पद्धत वापरून तो जिल्हा रुग्णालयांतून दिला गेला. पहिल्या ४८ हजारांहून अधिक रुग्णांत ९१.६ टक्के बरे झाले. त्यानंतर २८ जुलै २०१८ रोजी, म्हणजे ब्लुमबर्ग यांच्या जन्मदिवशी पाळल्या जाणाऱ्या जागतिक दिनी, केंद्र सरकारने विषाणुजन्य काविळीच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

परंतु रुग्णालयातील दिवस थोडे आणि घरातील दिवस फार. घरातली काळजी हे या रोगाचे अर्धे औषध आहे, आणि ती चुकीच्या समजुतींनी ग्रासलेली आहे. पोटात पाणी झालेल्या रुग्णाला मीठ कमी द्यावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण भाजीतले मीठ कमी करून ताटात पापड, लोणचे आणि फरसाण वाढले जाते. याउलट डाळ, दूध, पनीर, अंडी ‘जड’ म्हणून बंद केली जातात. यकृतरोग्याला प्रथिने देऊ नयेत, ही जुनी समजूत वैद्यकाने सोडून दिली आहे. अशा रुग्णाचे स्नायू झिजत असतात. त्याला निरोगी माणसाहून अधिक प्रथिने लागतात. रात्रीचा उपासही त्याला सोसत नाही, म्हणून झोपण्यापूर्वी काहीतरी खाणे हिताचे असते. कावीळ झाली की गळ्यात माळ घालणे, मंत्राने ती ‘उतरविणे’, हळद वर्ज्य करणे हे प्रकार सुशिक्षितांतही आढळतात. माळेने अपाय होत नाही. अपाय होतो तो तिच्यापायी गमावलेल्या आठवड्यांनी. वनस्पती म्हटली की ती निरुपद्रवीच, हाही भ्रम होय. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिच्यावर वादही झाला. तथापि यकृत आधीच दुबळे असलेल्याने कोणतेही औषध, मग ते काढा असो वा अंगदुखीची गोळी, विचारल्यावाचून घेऊ नये, याविषयी दुमत नसावे.

काही खुणा डॉक्टरांच्या आधी घरच्यांनाच दिसतात. रुग्ण दिवसा पेंगतो आणि रात्री टक्क जागा राहतो, सही वाकडी येते, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतो. हा वयाचा विसराळूपणा किंवा हट्टीपणा नसून मेंदूवर परिणाम होऊ लागल्याची सूचना असू शकते. पुष्कळदा तिचे मूळ शौचास न होण्यात असते आणि लॅक्ट्युलोजची नियमित मात्रा घेतल्यास रुग्णालयाची वारी टळते. ही नोंद ठेवणारी व्यक्ती बहुतेक घरांत पत्नी, आई वा सून असते. गडकऱ्यांच्या सिंधूने पतीसाठी केलेल्या त्यागाने प्रेक्षकांचे डोळे ओले होत आले. पण आजच्या सिंधूला अश्रूंपेक्षा माहितीची गरज आहे. कोणती गोळी का द्यावयाची आणि कोणत्या खुणेवर तातडीने दवाखाना गाठावयाचा, हे तिला तिच्या भाषेत कोणीतरी समजावून सांगितले पाहिजे. तीही दमते, हेही कोणाच्या तरी ध्यानात आले पाहिजे.

यकृत पूर्ण थकले की प्रत्यारोपण हा मार्ग उरतो. थॉमस स्टार्झल यांनी १९६७ साली अमेरिकेत पहिले यशस्वी यकृतप्रत्यारोपण केले. भारतात ते यश १९९८ मध्ये दिल्लीत मिळाले. १९९४ चा अवयवप्रत्यारोपण कायदा आरंभी ज्या तीन राज्यांना लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन होती, ही मराठी भाषकांना समाधान देणारी गोष्ट आहे. असे असूनही आपल्या देशात बहुतेक यकृते जिवंत नातलगांकडूनच येतात. मृत्यूनंतर अवयव देण्याचा निर्णय शोकाच्या घटकेला घेणे कठीण असते. त्याची चर्चा घरात सुखाच्या दिवसांत झालेली असावी. आणि ज्यांना प्रत्यारोपण शक्य नाही, त्यांना ‘आता काही उरले नाही’ असे सांगून घरी पाठविणे हा उपचार नव्हे. पोटातील पाणी वेळोवेळी काढणे, खाज आणि वेदना शमविणे, पुढे काय होणार हे खरे पण मायेने सांगणे, ही सेवा शेवटच्या दिवसापर्यंत देता येते आणि द्यावयास हवी.

आता शेवटचा मुद्दा. सिऱ्होसिसच्या रुग्णाची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हावयास हवी, कारण यकृताचा कर्करोग लहान असताना सापडला तर त्यावर उपाय असतो. फुगलेल्या शिरांची दुर्बिणीतून तपासणी ठरलेल्या काळाने व्हावयास हवी. ‘ब’ काविळीच्या गोळ्या बरे वाटले म्हणून परस्पर थांबविता कामा नयेत. या गोष्टींत अवघड असे काहीच नाही. त्या विसरल्या जातात, एवढेच. या ग्रंथालयात शंभर वर्षे प्रत्येक पुस्तकावर परतीच्या तारखेचा शिक्का उमटत आला आहे. मुदत उलटली की सभासदाच्या घरी स्मरणपत्र जाते, आणि एका पुस्तकासाठी एवढा खटाटोप करणे कोणालाही अतिरेकी वाटत नाही. माणसाच्या जिवासाठी अशी नोंदवही आणि असे स्मरणपत्र बहुसंख्य दवाखान्यांत अद्याप नाही. ते येईपर्यंत प्रत्येक कुटुंबाने एक साधी वही घालावी आणि तीत वजन, औषधे, तपासण्या आणि पुढची तारीख लिहीत जावे. ग्रंथालयानेही शंभरीनंतरच्या पहिल्या वर्षी आरोग्यविषयक मराठी पुस्तकांचे एक कपाट दर्शनी ठेवावे आणि अशा वहीचा नमुना छापून मागेल त्याला द्यावा. त्याला खर्च थोडा येईल. एखाद्या घरातील सहा महिन्यांची तारीख त्यामुळे चुकली नाही, तरी तो खर्च वसूल झाला असे समजावयास हरकत नाही.